दीड हजारांचं गाव, २७ हजार जन्मांच्या नोंदी : डेटाबेस कुणी उघडला, हे कळतं कसं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचं गाव आहे. लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. २०२५ च्या शेवटी हे गाव अचानक राज्यभर चर्चेत आलं. कारण काय, तर जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर या एकट्या ग्रामपंचायतीच्या नावावर २७ हजारांहून जास्त जन्मांच्या नोंदी सापडल्या.

आता साधा हिशेब करा. दीड हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण पंचवीस-तीस बाळं जन्माला येतात. म्हणजे २७ हजार जन्म व्हायला या गावाला नऊशे वर्षं लागतील. ज्ञानेश्वरांच्या जन्माच्याही आधीपासून मोजायला सुरुवात करावी लागेल.

उशिरा होणाऱ्या जन्मनोंदींच्या तपासणीत हा प्रकार उघडकीला आला. नोंदी ग्रामपंचायतीच्या लॉगिनवर होत्या आणि ते लॉगिन मुंबईशी जोडलेलं असल्याची माहिती पुढे आली. गुन्हा दाखल झाला, तपासासाठी एसआयटी नेमली गेली. या खोट्या दाखल्यांचा वापर कोण, कशासाठी करणार होतं, यावर राजकारणही झालं.

आपण मात्र इथे वेगळ्या प्रश्नाकडे बघू. गावाच्या नावावर शंभरावी नोंद पडली तेव्हा कुठेच घंटा का वाजली नाही? हजारावी पडली तेव्हा? आणि अशी घंटा बसवायची म्हटलं तर ती नेमकी कशी बसवतात?

कुरखेड्याचा कागद आता कुठे असतो?

हा प्रश्न एका गावाचा नाही. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेकडचा कुरखेडा तालुका घ्या. जंगलाचा आणि धानाचा भाग. इथल्या उपजिल्हा रुग्णालयात बाळ जन्मलं की त्याची नोंद ऑनलाईन होते. धान खरेदी केंद्रावर धान द्यायचा तर आधी सातबारा, आधार आणि बँक खात्यासह ऑनलाईन नोंदणी करावी लागते, पैसे आणि बोनस त्याच नोंदणीवरून खात्यात येतात. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा द्यावा लागतो. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला सेवा केंद्रातून निघतो.

म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जो कागद तहसील कार्यालयाच्या कपाटात होता, तो आता कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या डेटाबेसमध्ये आहे. काही डेटाबेस सरकारच्या स्वतःच्या सर्व्हरवर आहेत, काही सरकारच्या ‘मेघराज’ क्लाउडवर. बँका, दवाखाने, शाळांची ॲप आणि दुकानदारांची बिलिंग ॲप यांतले अनेक जण ॲमेझॉन, गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर आहेत.

क्लाउड म्हणजे काय, तर भाड्याची जागा. इमारत, वीज, पहारा, आगीपासून बचाव हे सगळं मालक बघतो. पण आपल्या खोलीची किल्ली कुणाकुणाला दिली आणि आत कोण येऊन गेलं, हे बघायचं काम भाडेकरूचं. क्लाउड कंपन्या करारातच हे लिहून ठेवतात. त्यामुळे ‘आमचा डेटा मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर आहे, म्हणजे सुरक्षितच’ असं कुणी म्हणत असेल, तर ते अर्धंच खरं आहे.

कुलूप आहे, मग नोंदवही कशाला?

पासवर्ड, ओटीपी, अंगठा ही झाली कुलपं. कुलूप एकच प्रश्न विचारतं : किल्ली बरोबर आहे का? बरोबर असली की दार उघडतं. किल्ली हातात धरणारा माणूस कोण आहे, हे कुलपाला कळत नाही.

अडचण इथेच आहे. डेटाबेसवरचे अनेक हल्ले कुलूप तोडून होत नाहीत. पासवर्ड कुणीतरी सांगितलेला असतो, फसवून काढून घेतलेला असतो, किंवा नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं बंदच केलेलं नसतं. अशा वेळी यंत्रणेच्या दृष्टीने सगळं कायदेशीर चाललेलं असतं. लॉगिन खरं, पासवर्ड खरा, फक्त माणूस चुकीचा. किंवा माणूस बरोबर, पण काम चुकीचं.

म्हणून दुसरी गोष्ट लागते : नोंदवही. सरकारी कार्यालयात फाईल बाहेर काढली की आवक-जावक रजिस्टरमध्ये नोंद होते, कुणी नेली, कधी नेली, कधी परत केली. डेटाबेसच्या जगात या रजिस्टरला ऑडिट लॉग म्हणतात. फरक इतकाच, की हे रजिस्टर माणूस भरत नाही. यंत्रणा स्वतः, दर क्षणाला भरत असते.

या नोंदवहीत काय लिहिलेलं असतं?

चांगल्या ऑडिट लॉगमधली एक ओळ साधारण सात प्रश्नांची उत्तरं देते : कुणी, केव्हा, कुठून, कोणत्या यंत्रावरून, कशाला हात लावला, काय केलं आणि ते जमलं का.

एक काल्पनिक ओळ बघू. खातं : अमुक ग्रामपंचायतीचा ऑपरेटर. वेळ : पहाटे २ वाजून १७ मिनिटं. ठिकाण : दुसऱ्या राज्यातलं इंटरनेट कनेक्शन. यंत्र : आधी कधीच न दिसलेला संगणक. काम : जन्माच्या ४१२ नवीन नोंदी. निकाल : यशस्वी.

यातली एकेक गोष्ट सुटी बघितली तर गुन्हा दिसत नाही. रात्री काम करणं गुन्हा नाही, नवीन संगणक घेणंही नाही. पण पाच गोष्टी एकाच ओळीत आल्या, की कुणीतरी फोन उचलून विचारायला हवं, ‘भाऊ, हे तुम्हीच करताय ना?’

क्लाउडवर अशा नोंदवह्या दोन पातळ्यांवर असतात आणि गोंधळ इथेच होतो.

पहिली पातळी म्हणजे इमारतीची नोंदवही. डेटाबेस कुणी तयार केला, त्याची पूर्ण प्रत कुणी काढली, बाहेरच्या जगासाठी दार कुणी उघडलं, नवीन माणसाला अधिकार कुणी दिले. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये हे काम क्लाउडट्रेल करतं, गूगलकडे क्लाउड ऑडिट लॉग्ज आहेत. ही मूलभूत नोंद बहुतेक वेळा आपोआप सुरू असते.

दुसरी पातळी म्हणजे कपाटाची नोंदवही. खोलीत शिरल्यावर कोणता खण उघडला, कोणती फाईल वाचली, कोणती ओळ बदलली. ही नोंद बऱ्याचदा मुद्दाम सुरू करावी लागते. गूगल क्लाउडमध्ये डेटा कुणी वाचला याची नोंद, बिगक्वेरीसारखा अपवाद सोडला तर, सुरुवातीला बंदच असते. पोस्टग्रेस हा लोकप्रिय डेटाबेस वापरत असाल तर त्यासाठी पीजीऑडिट नावाची जोडणी वेगळी बसवावी लागते.

ती बंद का ठेवतात? कारण प्रत्येक वाचनाची नोंद ठेवायची तर जागा लागते, पैसे लागतात आणि यंत्रणा थोडी मंदावते. म्हणून अनेक ठिकाणी इमारतीच्या दारावर कॅमेरा असतो, पण कपाटापाशी अंधार. काही घडलं की एवढंच कळतं : कुणीतरी आत आलं होतं. काय घेऊन गेलं, हे सांगता येत नाही.

उपाय मधला आहे. सगळ्यावर नजर ठेवण्यापेक्षा नाजूक खण आधी ठरवायचे. आधार क्रमांक, बँक खातं, आजाराची माहिती, जन्मनोंद यांवर वाचनापासून बदलापर्यंत सगळी नोंद ठेवायची. बाकीच्यावर बदलांची नोंद पुरते.

नोंद होती, पण वाचली कुणी?

इथे जगातलं एक गाजलेलं प्रकरण बघायला हवं. कॅपिटल वन ही अमेरिकेतली मोठी बँक. तिने आपला डेटा ॲमेझॉनच्या क्लाउडवर नेला होता. मार्च २०१९ मध्ये एका व्यक्तीने या साठ्यात शिरून क्रेडिट कार्डासाठी अर्ज केलेल्या लोकांची माहिती उतरवून घेतली. अमेरिकेतले सुमारे १० कोटी आणि कॅनडातले सुमारे ६० लाख लोक यात सापडले.

हे घडलं कसं? बँकेच्या वेबसाईटपुढे हल्ले अडवण्यासाठी एक सुरक्षा भिंत होती. तिची मांडणी चुकली होती आणि तिला गरजेपेक्षा जास्त अधिकार दिलेले होते. म्हणजे फाटकावरच्या वॉचमनच्या जुडग्यात तिजोरीची किल्लीही ठेवलेली. हल्लेखोराने भिंत पाडली नाही, वॉचमनचंच ओळखपत्र वापरलं.

पण आपल्या विषयासाठी खरी गोष्ट पुढे आहे. वॉचमनचं ओळखपत्र एरवी न जाणाऱ्या ठिकाणी गेलं, तेही स्वतःचा पत्ता लपवणाऱ्या इंटरनेट मार्गांवरून. याच्या खुणा लॉगमध्ये नोंदलेल्या होत्या आणि नंतर तपासात त्या उपयोगी पडल्या. तरीही बँकेला हे कळलं १७ जुलैला, जवळपास चार महिन्यांनी. तेही कुणा बाहेरच्या माणसाने ईमेल करून सांगितलं म्हणून. पुढे २०२० मध्ये अमेरिकी नियामकाने बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड केला.

थोडक्यात काय, नोंदवही असणं वेगळं आणि ती वाचणं वेगळं. नुसता लॉग चोरी झाल्यावर पंचनाम्याच्या कामाचा. चोरी चालू असताना कळायला हवं असेल, तर अलर्ट लागतो.

अलर्ट नेमका कशावर लावतात?

अलर्ट म्हणजे लॉगवर बसवलेली अट. अमुक घडलं तर तमुक माणसाला लगेच कळवा. साधारण या गोष्टींवर अट लावली जाते.

एक, चुकलेले प्रयत्न. एकाच खात्यावर पाच-दहा मिनिटांत ठरावीक संख्येपेक्षा जास्त वेळा चुकीचा पासवर्ड पडला, किंवा एकाच ठिकाणाहून वेगवेगळ्या खात्यांवर प्रयत्न झाले. त्यातही सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे वीस चुकीचे प्रयत्न आणि लगेच एकविसावा बरोबर.

दोन, अधिकार नसलेल्या ठिकाणी हात. खातं धान नोंदणीचं आणि ते आरोग्याच्या तक्त्यात डोकावू बघतंय. यंत्रणा ‘परवानगी नाही’ म्हणून परत पाठवते, पण तेवढ्यावर विषय संपवायचा नसतो. दार ढकलून बघणारा माणूस उद्या खिडकी बघतो.

तीन, अशक्य प्रवास. सकाळी ११ ला कुरखेड्यातून लॉगिन आणि ११.२० ला तेच खातं मुंबईतून. कुरखेड्याहून वडशाला जाऊन गाडी पकडायलाही एवढ्यात जमत नाही.

चार, प्रमाणाबाहेरचं काम. रोज तीस-चाळीस फाईली बघणाऱ्या खात्याने एका तासात दहा हजार उतरवून घेतल्या. किंवा महिन्याला दोन-तीन जन्म नोंदवणाऱ्या गावाने एका दिवसात शंभर नोंदवले.

पाच, अधिकारात बदल. कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला मोठे अधिकार दिले, डेटाबेस बाहेरच्या जगाला खुला केला, पूर्ण प्रत काढून दुसऱ्या खात्यात पाठवली. यातल्या प्रत्येक गोष्टीवर, अगदी एकदाच घडली तरी, अलर्ट हवाच.

सहा, नोंदवहीच बंद करणं. ऑडिट लॉग कुणी थांबवला किंवा पुसला, तर तो सगळ्यात मोठा अलर्ट. दरोडेखोर आधी सीसीटीव्हीची वायर कापतो, तसंच हे.

आणखी एक जुनी युक्ती आहे : चकव्याची नोंद. डेटाबेसमध्ये मुद्दाम एक खोटं नाव पेरून ठेवायचं, ज्याला कामासाठी कुणीही हात लावायचं कारण नाही. ते उघडलं गेलं, की कुणीतरी सगळं चाळतंय हे नक्की.

आता चौथी अट परत बघा आणि शेंदुरसनीकडे या. तिथली गोष्ट पकडायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. ग्रामपंचायतीची लोकसंख्या आणि महिन्याच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की चौथीतलं पोरही ‘काहीतरी चुकतंय’ म्हणेल. दीड हजार वस्तीच्या गावातून एका दिवसात दहापेक्षा जास्त जन्मनोंदी आल्या तर पुढची नोंद थांबवा आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला कळवा, एवढा नियमसुद्धा पहिल्याच दिवशी घंटा वाजवायला पुरेसा आहे.

पुण्या-मुंबईचा नियम गडचिरोलीत चालेल का?

नियम लिहिणं सोपं, पण ते सगळीकडे सारखे लावले तर फसतात. अलर्ट लावणारा माणूस शहरात बसलेला असेल तर त्याचे नियम शहरासारखे असतात. ‘रात्री १० नंतरचं काम संशयास्पद’ हा त्यातला ठरलेला नियम.

जंगल भागात हा नियम लावा आणि गंमत बघा. दिवसा वीज नाही, असली तर रेंज नाही, दोन्ही असलं तर सर्व्हर डाऊन. म्हणून प्रामाणिक ऑपरेटर रात्री, रेंज आली की, साचलेली कामं उरकतो. कनेक्शन मध्येच तुटलं की परत लॉगिन, परत ओटीपी. शहरातल्या नियमाला हा माणूस रोज चोर दिसणार.

मग काय होतं? रोज पन्नास खोटे अलर्ट येतात. पहिल्या आठवड्यात अधिकारी फोन करून विचारतो. दुसऱ्या आठवड्यात नुसतं वाचतो. तिसऱ्या आठवड्यात मेल न उघडताच पुसून टाकतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपल्याला माहीतच आहे. खरा लांडगा येतो तेव्हा कुणी काठी घेऊन धावत नाही.

म्हणून शहाणी यंत्रणा आधी त्या ठिकाणचं नेहमीचं वागणं मोजते. या खात्याचं काम साधारण कोणत्या वेळी चालतं, रोज किती नोंदी होतात, किती वेळा लॉगिन चुकतं. दोन-तीन महिन्यांचं हे मोजमाप झालं की त्यातून बाहेर पडणारी गोष्टच तेवढी अलर्ट बनते. कुरखेड्याच्या ऑपरेटरचं रात्री ११ चं लॉगिन तिथल्यासाठी नेहमीचं असू शकतं. तेच खातं दुसऱ्या राज्यातून उघडणं मात्र नेहमीचं नाही, मग वेळ कोणतीही असो.

दुसरी अडचण आणखी खोल आहे : एक लॉगिन, चार माणसं. साहेबांचा पासवर्ड ऑपरेटरकडे, ऑपरेटर सुट्टीवर गेला की त्याच्या मित्राकडे, ओटीपी फोनवरून सांगायचा. काम अडू नये म्हणून हे चालतं आणि बऱ्याचदा त्यात वाईट हेतू नसतो. पण यातून ऑडिट लॉगचा पहिलाच रकाना, ‘कुणी’, खोटा ठरतो. उद्या चौकशी झाली तर नोंदवही त्या साहेबांचं नाव दाखवेल, आणि ते म्हणतील मी नव्हतोच. प्रत्येक माणसाला स्वतःचं वेगळं लॉगिन देणं आणि माणूस बदलून गेला की त्याच दिवशी ते बंद करणं, हा सगळ्यात स्वस्त सुरक्षा उपाय आहे. ऑपरेटरसाठी तर तो स्वतःचा बचावही आहे.

अलर्ट वाजला, पुढे काय?

११ ऑगस्ट २०१८. दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत कोट्यवधी रुपये काढले गेले. हल्लेखोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरून खोटा स्विच उभा केला होता. पैसे द्यायचे का, या प्रश्नावर बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी तोच ‘हो’ म्हणत होता. दोनच दिवसांनी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण फटका ९४ कोटींच्या वर. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने यातल्या ११ आरोपींना शिक्षा सुनावली.

हे प्रकरण क्लाउडचं नव्हतं, पण दोन धडे इथे तसेच लागू होतात. पहिला, चोर कॅलेंडर बघून येतो. सुट्टी, सण, शनिवारची रात्र. म्हणून अलर्ट कार्यालयाच्या ईमेलवर जाऊन सोमवारची वाट बघत पडला तर त्याचा उपयोग नाही. तो त्या वेळी जबाबदारी असलेल्या माणसाच्या फोनवर गेला पाहिजे. त्याने ठरावीक मिनिटांत उत्तर दिलं नाही तर दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या.

दुसरा, कळवणं आणि थांबवणं यांत वेळ जातो. काही गोष्टी यंत्रणेने माणसाची वाट न बघता कराव्या लागतात. संशयास्पद खातं तात्पुरतं गोठवणं, मोठी प्रत बाहेर जाण्याआधी रोखणं. मग माणूस येतो, खात्री करतो आणि बरोबर असेल तर कुलूप परत उघडतो. कुणाचं तरी काम अर्धा तास अडतं. २७ हजार नोंदी तपासत बसण्यापेक्षा तो अर्धा तास स्वस्त.

चोराने नोंदवहीचं पानच फाडलं तर?

हा प्रश्न कुणालाही पडेल. ज्याच्या हातात डेटाबेसच्या सगळ्या किल्ल्या आल्या, तो लॉगही पुसू शकतो.

म्हणून नोंदवही त्याच खोलीत ठेवत नाहीत. लॉग तयार होताच दुसऱ्या, वेगळ्या खात्यात पाठवला जातो. तिथे लिहिता येतं, पण ठरलेल्या मुदतीपर्यंत पुसता किंवा बदलता येत नाही. डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे या दुसऱ्या खात्याची किल्ली नसते. जमाखर्च लिहिणारा आणि तपासणारा माणूस वेगळा असावा, ही आपल्या सहकारी संस्थांमधली जुनीच रीत आहे.

आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे घड्याळ. क्लाउडमधले लॉग बऱ्याचदा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. लॉगमध्ये रात्रीचे ८.४७ दिसले, तर आपल्याकडे पहाटेचे २.१७ झालेले असतात. हे लक्षात न घेता चौकशी केली तर त्या वेळी घरी झोपलेल्या माणसावर संशय जातो, किंवा खरा माणूस सुटतो.

कायदा काय सांगतो?

सायबर घटनांवर लक्ष ठेवणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. त्यानुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे, घड्याळं प्रमाणवेळेशी जुळवायची आणि अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची.

त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. डेटा कुणी बघितला हे लॉग, देखरेख आणि तपासणीतून कळलं पाहिजे, हे या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. लॉग किमान एक वर्ष ठेवायचे आहेत. डेटा फुटला तर ज्याचा डेटा आहे त्या माणसालाही कळवायचं आहे. योग्य सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र यातल्या मुख्य तरतुदी लागू व्हायला नियम आल्यापासून १८ महिने दिलेत, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास त्या अंमलात येतील.

आपल्या हातात काय आहे?

सरकारी डेटाबेसचा लॉग आपल्याला बघता येत नाही. पण आपल्या नावाच्या काही नोंदवह्या आपल्यासाठी उघड्या आहेत आणि फार थोडे लोक त्या बघतात.

आधारची वापर-नोंद : आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ‘ऑथेंटिकेशन हिस्ट्री’ असते. गेल्या सहा महिन्यांत तुमचा आधार कधी, कुठल्या प्रकारे वापरला गेला हे तिथे दिसतं. तुम्ही अंगठा दिला नाही त्या दिवशी अंगठ्याची नोंद असेल तर तो तुमचा अलर्ट समजा.

अंगठ्याचं कुलूप : त्याच ठिकाणी बायोमेट्रिक लॉक करता येतं. आधारवर पैसे काढण्याच्या सोयीतून होणारी फसवणूक यामुळे रोखता येते. रेशनला किंवा पैसे काढायला जाताना उघडायचं, काम झालं की परत बंद.

व्हॉट्सॲप आणि गूगल : व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ आणि गूगल खात्यात ‘युवर डिव्हाइसेस’ बघा. ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं तर बाहेर काढा आणि पासवर्ड बदला.

ओटीपी : सेवा केंद्रावर काम करून घेताना ओटीपी कुठल्या कामाचा आहे, हे मेसेजमध्ये वाचूनच सांगा. वाचता येत नसलेल्या शेजाऱ्याला वाचून दाखवा.

पैसे गेले तर १९३० हा हेल्पलाईन क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि हे सगळं कशासाठी?

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हा शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी अशा अनेक कामांसाठी जन्माचा मुख्य पुरावा झाला आहे. म्हणजे त्या डेटाबेसमधली एक ओळ म्हणजे माणसाची ओळख.

खोट्या ओळी घुसल्या की त्याची किंमत खोटे दाखले काढणाऱ्यांपेक्षा खऱ्यांना जास्त मोजावी लागते. घोटाळा उघड झाला की तपासणी कडक होते, उशिरा केलेल्या नोंदींकडे संशयाने बघितलं जातं, नवीन कागद मागितले जातात. कुरखेडा, कोरची, धानोरा या भागात घरीच जन्मलेली, नोंद उशिरा झालेली कितीतरी माणसं आहेत. त्यांच्याकडे शहरासारखे पुरावे नसतात. जातीच्या दाखल्याची पडताळणी असो की पोरीचा वसतिगृहातला प्रवेश, चकरा त्यांनाच माराव्या लागतात. भाडं त्यांचं जातं, मजुरी त्यांची बुडते.

ऑडिट लॉग या माणसांच्या बाजूचाही साक्षीदार आहे. कोणती नोंद कुणी, कुठून, कधी केली हे नीट लिहिलेलं असेल, तर खोट्या नोंदी नेमक्या वेगळ्या काढता येतात आणि खऱ्यांना हात लावावा लागत नाही. ते लिहिलेलं नसेल तर सरकारपुढे एकच रस्ता उरतो : सगळ्यांवर संशय.

त्यामुळे पुढच्या वेळी कुठलंही खातं, बँक किंवा ॲप ‘तुमचा डेटा सुरक्षित आहे’ म्हणालं, तर कुलूप किती मोठं आहे हे विचारू नका. नोंदवही कोण वाचतं आणि रविवारी घंटा वाजली तर फोन कोण उचलतं, हे विचारा.